निसर्गाचा दाखला

घरांतील आई सर्वांच्या मागून जेवावयास बसते आणि भांड्यांत जें उरलें असेल तें आपल्या ताटांत घेते. कोणीं त्याविषयीं विचारलें तर ती म्हणते, "आईचा जीव असाच असतो." घरांतील एखादा शिकलेला गृहस्थ या उत्तराला शास्त्राची जोड देतो. पशुपक्ष्यांकडे पाहा, असें तो म्हणतो. पिलासाठीं आईनें झिजावें हा तर निसर्गाचाच नियम आहे. एवढें बोलणें झालें कीं विषय संपतो आणि ताटें उचललीं जातात. तोच गृहस्थ दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत दुष्काळाची वार्ता वाचतो, गांव सोडून निघालेल्या कुटुंबांची हकीकत वाचतो, आणि सुस्कारा टाकून म्हणतो कीं दुर्बळानें मागें पडावें हाहि निसर्गाचाच नियम आहे. एकाच दाखल्यानें एकीचा गौरव होतो आणि दुसऱ्याची उपेक्षा होते. आणि दोन्ही प्रसंगीं बोलणाराला स्वतः कांहींच करावें लागत नाहीं. ज्या दाखल्याचा उपयोग इतका सोईस्कर आहे तो एकदां नीट तपासून पाहणें अवश्य आहे.

हा युक्तिवाद दोन रूपांनीं आपल्यापुढें येतो. निसर्गांत असें घडतें म्हणून तें योग्य आहे, हें एक रूप. आणि निसर्गांत असें घडतच असतें, मग माणसानें तसें केलें यांत विशेष तें काय, हें दुसरें. त्याची परीक्षा करावयाची तर गाय, वाघीण किंवा चिमणी हे साक्षीदार उपयोगाचे नाहींत. त्यांच्या डोळ्यांत आपण आधींच आपले भाव पाहून ठेवलेले असतात. ज्याला डोळे नाहींत, आवाज नाहीं, जागेवरून हलणें नाहीं, असा एखादा प्राणी साक्षीस बोलाविला तर आपली बुद्धि कमी फसेल. म्हणून या लेखासाठीं मीं स्पंज हा प्राणी निवडला आहे, आणि त्याच्या चरित्रांतील एकच भाग घेतला आहे : तो आपल्यामागें आपली संतति कशी ठेवतो.

आमच्या नांदेड-लातूरकडील वाचकाला समुद्र बहुधा प्रवासांतच भेटतो. समुद्र हें नांव मिरविणारें पाणी आमच्याकडे आहे तें कंधारच्या राष्ट्रकूटकालीन तलावाचें. त्या तलावाला ‘जगत्तुंग समुद्र’ म्हणतात. पाटी पुसण्याचा स्पंज मात्र येथील शाळांतहि सर्वांच्या परिचयाचा होता. तसा स्पंज आतां बहुधा कारखान्यांत होतो. पण ज्यावरून त्याला हें नांव पडलें तो भूमध्य समुद्रासारख्या उबदार समुद्रांच्या तळाशीं राहणाऱ्या एका प्राण्याचा मऊ सांगाडा होय. आपल्या कोंकणच्या किनाऱ्यावरहि ओहोटीच्या वेळीं खडकांच्या कपारींत स्पंज चिकटलेले आढळतात. ही वनस्पति आहे कीं प्राणी, याविषयीं पुष्कळ काळ घोळ होता. ॲरिस्टॉटलनें लिहून ठेवलें आहे कीं उपटावयास गेलें असतां स्पंज आंग आंखडून घेतो असें म्हणतात, पण टोरोनी गांवचे लोक ही गोष्ट मानीत नाहींत. पुढें १८२५ च्या सुमारास एडिंबरोच्या रॉबर्ट ग्रँटनें जिवंत स्पंज पाण्यांत ठेवून बारकाईनें पाहिला, तेव्हां त्याच्या बारीक छिद्रांतून पाणी आंत शिरतें आणि मोठ्या छिद्रांतून जोरानें बाहेर पडतें, हें त्याला स्पष्ट दिसलें.

हें पाणी खेळविणें हाच स्पंजाचा सारा संसार आहे. त्याच्या आंतल्या पोकळ्यांना असंख्य पेशींचें अस्तर असतें. प्रत्येक पेशीला चाबकासारखा एकेक बारीक तंतु असतो, आणि हे तंतु सतत हालत राहिल्यानें पाण्याचा प्रवाह चालतो. त्या प्रवाहाबरोबर जे सूक्ष्म जंतु येतात ते या पेशी पकडतात. तेंच स्पंजाचें अन्न. तोंड, पोट, हृदय, मज्जातंतु, यांपैकीं त्याला कांहींच नाहीं. पुनरुत्पादनासाठींहि वेगळें इंद्रिय नाहीं. ऋतु आला म्हणजे या अन्न पकडणाऱ्या पेशींपैकींच कांहीं पेशींचें रूपांतर होऊन त्या पुरुषबीज बनतात. दुसऱ्या कांहीं पेशी मोठ्या होऊन स्त्रीबीज बनतात. पुष्कळ जातींत एकाच देहांत हीं दोन्ही बीजें तयार होतात, पण बहुधा वेगवेगळ्या वेळीं. वाढणाऱ्या स्त्रीबीजाजवळ कांहीं पोशिंद्या पेशी जमतात, आणि स्त्रीबीज त्यांना गिळूनच पुष्ट होतें.

पुरुषबीजें मोठ्या छिद्रांतून समुद्रांत सोडलीं जातात. कांहीं जातींत हें दृश्य पाण्याखालीं धूर निघावा तसें दिसतें. त्यांतील बहुतेक बीजें वायां जातात. एखादें शेजारच्या स्पंजाच्या प्रवाहांत सांपडून आंत ओढलें जातें, आणि तेथील पेशी त्याला नेहमींच्या अन्नासारखी पकडते. परंतु ती त्याला पचवीत नाहीं. आपला चाबूक टाकून, जागा सोडून, ती त्या बीजाला घेऊन स्त्रीबीजापर्यंत जाते आणि तें त्याच्या स्वाधीन करते. गर्भ पुष्कळ जातींत कांहीं काळ मातेच्या शरीरांतच राहतो. पुढें सूक्ष्म केसांनीं वेढलेला एक लहानसा डिंभ बाहेर पडतो, कांहीं तास किंवा फार तर कांहीं दिवस पोहतो, आणि एखाद्या दगडावर टेकून तेथेंच नवा स्पंज होतो. ज्या जन्मांत हिंडावयाचें तो जन्म एवढाच. पुढचें आयुष्य त्या दगडावर.

याखेरीज दुसरीहि एक रीत आहे. स्पंजाचा तुकडा लाटेनें तुटून पडला आणि त्याला टेकावयास जागा मिळाली तर त्या तुकड्याचाच नवा स्पंज होतो. भूमध्य समुद्रांत या गुणाचा उपयोग करून स्पंजाची शेती करण्यांत आली. ऊंसाचीं कांडीं लावावीं तसे स्पंजाचे तुकडे दोरीला बांधून वाढविले जातात. येथें आई कोण आणि लेकरूं कोण, हें सांगतां येत नाहीं. दोन्हीहि एकच होतीं आणि आतां दोन आहेत, इतकेंच म्हणतां येतें.

परंतु आपल्या प्रश्नाच्या दृष्टीनें सर्वांत बोलकी आहे ती तिसरी रीत, आणि ती मुख्यतः गोड्या पाण्यांत दिसते. स्पंजांच्या हजारों जाति समुद्रांत राहतात. त्या मानानें फारच थोड्या जाति प्राचीन काळीं समुद्र सोडून नद्या-तलावांत आल्या. समुद्र आटत नाहीं; तलाव आटतो. मुंबईंत ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरींत असलेले एक शस्त्रवैद्य, हेन्री जॉन कार्टर, यांनीं मुंबई बेटावरील तलावांतल्या अशा स्पंजांचा अभ्यास करून १८४९ सालीं त्यांचें सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलें. गोड्या पाण्यांतील एका जातीला पुढें त्यांचेंच नांव देण्यांत आलें, आणि ती जाति हिंदुस्थानांत पुष्कळ ठिकाणीं आढळते. पाण्यांत बुडालेल्या लांकडावर, दगडावर किंवा पाणवनस्पतींच्या देंठांवर हे स्पंज एखाद्या खरखरीत लेपासारखे वाढतात. त्यांना मऊ, रेशमी सांगाडा नसतो, तर काचेच्या जातीच्या बारीक सुया असतात. अंघोळीच्या कामीं ते अगदीं निरुपयोगी.

तलावाचें पाणी ओसरूं लागण्याच्या सुमारास अशा स्पंजाच्या शरीरांत ठिकठिकाणीं लहान लहान गोळ्या तयार होऊं लागतात. मोहरीच्या दाण्याहूनहि त्या लहान असतात. शास्त्रज्ञ त्यांना जेम्यूल म्हणतात. आपण त्यांना या लेखापुरतें कणिका म्हणूं. कणिका हें फळ नव्हे कीं अंडें नव्हे, कारण येथें स्त्रीबीज-पुरुषबीजांचा संयोग झालेला नसतो. ज्यांना पुढें शरीरांतील कोणतीहि पेशी होतां येतें अशा कांहीं पेशी एकत्र येतात, पोशिंद्या पेशींना गिळून अन्नाचा सांठा करतात आणि निश्चल होतात. त्यांच्याभोंवतीं एक चिवट कवच चढतें; कवचावर बहुधा हवेनें भरलेला थर असतो, आणि त्यांत काचेच्या जातीच्या सूक्ष्म सुया किंवा चकत्या रोंवलेल्या असतात. एका बाजूस एक बारीक द्वार राहतें, तेंहि बंद केलेलें. मग पाणी जातें. उरलेला स्पंज वाळतो, मरतो, आणि त्याचा चुरा होतो. कणिका मात्र त्या भेगाळलेल्या चिखलांत महिनोन् महिने, प्रसंगीं कांहीं वर्षेंहि, टिकून राहतात. पाऊस पडून तलाव भरला म्हणजे तें बारीक द्वार उघडतें, आंतील पेशी बाहेर सरकतात, आणि थोड्याच दिवसांत जुन्या जागीं नवा स्पंज पाणी खेळवूं लागतो.

ही हकीकत ऐकून मराठवाड्यांतील माणसाला पेवाची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. जमिनींत खोल खणलेल्या त्या कोठारांत ज्वारी भरून त्याचें तोंड लिंपून टाकीत. बियाणाची ज्वारी तर त्याहून जपून, लिंबाचा पाला घालून वेगळी ठेवीत. घरांतील दाणे संपले, पोरें रडूं लागलीं, तरी त्या बियाणाला हात लावावयाचा नाहीं असा कडक दंडक होता. कारण बियाणें खाल्लें तर पुढच्या मृगाला पेरावें काय? तेव्हां एखादा प्रवचनकार सहज म्हणेल : पाहा, त्या क्षुद्र स्पंजालाहि हें कळतें. तो आपला देह वाळवितो, पण बीज राखतो. त्याच्या पोशिंद्या पेशी स्वतः नाहींशा होतात, पण पुढच्या पिढीची शिदोरी बांधून देतात. आई शेवटीं जेवते, बाप फाटकें नेसतो, शेतकरी उपाशी राहून बियाणें जपतो, हा सारा त्याच एका महान् नियमाचा विस्तार आहे. हा पूर्वपक्ष मनोहर आहे, आणि त्यांतील स्पंजाविषयींची हकीकत खरीच आहे. चूक आहे ती तिच्यावरून काढलेल्या अर्थांत.

पहिली गोष्ट, त्याग म्हणजे काय? ज्याचें कांहीं जातें आणि तें जात आहे हें ज्याला कळतें, असा कोणी तरी असल्याखेरीज त्याग संभवत नाहीं. स्पंजांत असा कोण आहे? १९०७ सालीं अमेरिकेंतील प्राणिशास्त्रज्ञ एच. व्ही. विल्सन यानें एक विलक्षण प्रयोग प्रसिद्ध केला. त्यानें समुद्रांतील एक जिवंत स्पंज बारीक रेशमी कापडांतून पिळून काढला. त्या प्राण्याचा आकार, त्याचीं छिद्रें, त्याच्या पोकळ्या सर्व नाहींशीं होऊन पाण्यांत केवळ सुट्या पेशींचा गढूळपणा उरला. थोड्या वेळानें त्या पेशी सरपटत एकमेकींस चिकटूं लागल्या, त्यांचे गोळे झाले, आणि कांहीं दिवसांनीं त्या गोळ्यांतून पुन्हां पाणी खेळविणारे स्पंज उभे राहिले. मधल्या काळांत तो पहिला स्पंज मेला होता काय? मेला नसेल तर कोठें होता? हे प्रश्न माणसाविषयीं विचारले तर काळीज हालतें. स्पंजाविषयीं विचारले तर त्यांना अर्थच राहत नाहीं. ज्याच्या बाबतींत ‘मी’ हा शब्द लावतांच येत नाहीं त्यानें ‘मी’चा त्याग केला असें म्हणणें हा केवळ भाषेचा अलंकार होय.

दुसरी गोष्ट, ‘साठीं’ हा शब्द. कणिका पुढच्या पिढीसाठीं तयार होते, असें आपण सहज बोलून जातों. वस्तुतः ऋतूंतील आणि पाण्यांतील फेरबदल झाला म्हणजे पेशींच्या ठिकाणीं कांहीं व्यापार सुरू होतात, आणि त्यांचा शेवट कणिकेंत होतो. हे व्यापार आज आढळतात याचें कारण १८५९ सालीं डार्विननें आपल्या ग्रंथांत विशद केलेल्या रीतीनें सांगतां येतें : आटणाऱ्या तलावांत ज्या वंशांपाशीं हा गुण नव्हता ते उरले नाहींत, ज्यांच्यापाशीं होता ते उरले. उरणें हा परिणाम आहे. तो कोणाचा हेतु नव्हता. शेतकरी बियाणाकडे पाहून रात्रभर जागतो तेव्हां त्याच्यासमोर मात्र हेतु असतो, भीति असते, मोह असतो, आणि उठून तें पोतें सोडावयास त्याचे हात मोकळे असतात. स्पंजाला कणिका खाण्याचा मोह झाला आणि त्यानें तो आवरला, असें कधीं घडलेलें नाहीं.

तिसरी गोष्ट याहून महत्त्वाची, कारण तिचा संबंध आपल्या समाजाविषयींच्या बोलण्याशीं येतो. समाज हें एक शरीर आहे आणि व्यक्ति त्याच्या पेशी आहेत, ही उपमा आपल्याकडे फार आवडती आहे. शरीरासाठीं पेशीनें मरावें, तसें समाजासाठीं व्यक्तीनें झिजावें, असें तिच्यावरून सांगितलें जातें. ही तुलना ज्यानें सर्वांत विस्तारानें केली तो हर्बर्ट स्पेन्सर. आगरकरांच्या पिढीनें त्याचे ग्रंथ मन लावून वाचले होते. परंतु स्पेन्सरनेंच एक मोठा भेद दाखवून ठेवला आहे, आणि उपमा वापरणारे तोच विसरतात. शरीरांत सुखदुःखाची जाणीव एका ठिकाणीं एकवटलेली असते. समाजांत ती प्रत्येक माणसांत वेगवेगळी असते. समाज नांवाच्या पुरुषाला भूक लागत नाहीं. भूक लागते ती त्यांतील माणसांना. म्हणून माणसें समाजासाठीं आहेत असें नसून समाज माणसांसाठीं आहे, असा निष्कर्ष त्यानें काढला. पोशिंदी पेशी गिळली गेली तर कोणाचेंहि जग संपत नाहीं. घरांतील पोशिंदा किंवा पोशिंदी झिजून गेली तर एक संपूर्ण जग संपतें. शरीराची उपमा जेथें हा भेद झांकते तेथें ती उपमा राहत नाहीं; तें अन्यायाचें पांघरूण होतें.

आणखी असें कीं, निसर्गाकडे नीतीचा कौल मागावयास गेलें तर तो हवा तसा कौल देतो. १८९३ सालीं ऑक्सफर्डच्या व्याख्यानांत टी. एच. हक्स्ले यानें सांगितलें कीं सृष्टीचा व्यापार आणि नीतीचा व्यापार हे परस्परविरुद्ध आहेत. समाजाची नैतिक प्रगति सृष्टिक्रमाचें अनुकरण करण्यांत नसून त्याच्याशीं झुंजण्यांत आहे. १९०२ सालीं क्रोपोट्किननें आपल्या ग्रंथांत त्याच प्राणिसृष्टींतून परस्परसाहाय्याचे दाखल्यांवर दाखले काढून दाखविले. दोघेहि खोटें बोलत नव्हते. आपल्या स्पंजाचेंच घ्या. कणिका पाहून जो वात्सल्याचा पाठ काढतो त्यानें पुरुषबीजांचा तो धूरहि पाहावा. त्यांतून उधळेपणाचा पाठ काढावा काय? डिंभ बाहेर पडला कीं मातेचा त्याच्याशीं संबंध सुटतो. त्यावरून लेकरांना वाऱ्यावर सोडणें योग्य ठरवावें काय? आपण तसें करीत नाहीं. म्हणजे कोणता दाखला घ्यावा आणि कोणता टाकावा हें ठरविणारी नीति आपल्यापाशीं आधींच असते. निसर्गाला आपण केवळ सही करावयास बोलावितों.

आतां हा वाद निव्वळ पंडितांचा आहे असें कोणी समजूं नये. आमच्या भागांत दुष्काळ ही पुस्तकांतील गोष्ट नाहीं. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा महाराष्ट्रांतील प्रत्येक घराला ठाऊक आहे : बेदरच्या बादशहाच्या कोठारांतील धान्य त्यांनीं दुष्काळांत उपाशी लोकांना वांटून टाकलें. त्या कथेंतील चमत्काराचा भाग क्षणभर बाजूस ठेवला तरी तिचें मर्म उरतेंच. कणिकेचें द्वार उघडतें तें पाणी आल्यावर. दामाजीपंतांनीं कोठार उघडलें तें पाणी आलें नव्हतें तेव्हां. कोठार राखणें हें त्यांचें काम होतें, उघडणें हा अपराध होता, आणि त्याची शिक्षा त्यांना माहीत होती. निसर्गाच्या कोणत्याहि नियमानें तें दार उघडलें नसतें. तें एका माणसाच्या निवडीनें उघडलें. म्हणूनच शतकें लोटलीं तरी लोक त्यांचें नांव घेतात.

अशीच निवड समाज म्हणूनहि करतां येते. १९७२ च्या भीषण दुष्काळांत महाराष्ट्रांत रोजगार हमीची योजना उभी राहिली. तिच्या कल्पनेंत वि. स. पागे यांचा वाटा मोठा होता. १९७७ सालीं विधिमंडळानें तिचा कायदा केला. काम मागणाराला काम मिळणें ही दया नसून तो त्याचा हक्क आहे, असें त्या कायद्यानें मानलें. ‘दुर्बळ मागें पडावयाचाच’ या वाक्याला दिलेलें तें उत्तर होतें. पुढें २०१६ सालीं मांजरा धरण कोरडें पडलें. लातूर शहरांत पाणी वांटण्याच्या जागीं तंटे होऊं नयेत म्हणून मार्च महिन्यांत जमावबंदी पुकारावी लागली, आणि १२ एप्रिल रोजीं मिरजेहून पांच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वेगाडी लातुरास आली. कृष्णेच्या खोऱ्यांतील पाणी गोदावरीच्या खोऱ्यांतील माणसांना पाजण्यास निसर्गाचा कोणताहि नियम कारण झाला नाहीं. निसर्गाच्या नियमानें तें पाणी उलट दिशेनेंच वाहून गेलें असतें. आणि त्याच उन्हाळ्यांत घागरी घेऊन रांगेंत बायका आणि मुलीच जास्त कां उभ्या राहाव्यात, याचेंहि कारण निसर्गांत शोधून सांपडणार नाहीं. पाणी आटलें हें सृष्टीचें काम असेल. कोणी किती घागरी वाहावयाच्या ही वांटणी आपण केलेली आहे.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाहीं. एखादी आई म्हणेल : तुम्ही म्हणतां तशी निवड मीं कधीं केलीच नाहीं. लेंकराला उपाशी ठेवून मला घांस गेला नसता; त्यांत विचार कसला आणि त्याग कसला? माझ्या प्रेमाला तुम्ही हिशेबाच्या वहींत कां बसवितां? हें बोलणें खरें आहे, आणि त्यापुढें नम्र होणेंच योग्य. प्रेम हें ठरवून करावयाची गोष्ट नव्हे. परंतु प्रेम मनांत येणें एक, आणि त्या प्रेमाचा भार कोणीं वाहावा याची घरांत पडलेली रीत निराळी. बापाचें प्रेम कमी असतें असें तर कोणी म्हणत नाहीं. मग शेवटचें ताट नेहमीं एकाच व्यक्तीच्या वांट्यास कां येतें? मुलाचें आईवर प्रेम असतें. मग त्या प्रेमाला स्वयंपाकघरांतील उरलेलें अन्न पाहण्याची संवय कां नसते? आईचें प्रेम स्वाभाविक असेल. तिचें उपाशी राहणें स्वाभाविक नाहीं. तें कोणी तरी पाहून न पाहिल्यासारखें केल्यामुळें घडतें.

‘स्वाभाविक’ या शब्दाचा खरा धोका हाच आहे. झरा वाहतो म्हणून आपण झऱ्याचे ऋणी होत नाहीं, आणि आंबा फळतो म्हणून त्याला आपल्या ताटांतला घांस काढून देत नाहीं. ज्या क्षणीं आपण एखाद्याच्या कष्टाला निसर्ग म्हणतों त्या क्षणीं त्याचें ऋण आपल्या खात्यावरून उडून जातें. वरून पाहतां ही स्तुति असते. आंतून ती कर्जमाफी असते, आणि माफी धनकोनें दिलेली नसून ऋणकोनें स्वतःच घेतलेली असते. देवघरांत बसविलेल्या आईला कोणी विचारीत नाहीं कीं आज तुला भाकरी पुरली काय. उलट तिचें करणें हें तिचें करणें आहे, तिला तें टाळतां आलें असतें, असें एकदां मान्य केलें म्हणजे आभार मानणें भाग पडतें. आणि आभार प्रामाणिक असले तर ते शब्दांवर थांबत नाहींत, ते वांटणी बदलावयास लावतात.

तर मग स्पंजापासून शिकावयाचें तरी काय? सृष्टीचें ज्ञान म्हणून पुष्कळच. मुठींत मावणाऱ्या, मेंदु नसलेल्या त्या प्राण्यानें दुष्काळावर जो उपाय साधला आहे तो पाहून कोणाहि विचारी माणसाला आश्चर्य वाटेल, आणि आमच्याकडील तरुण अभ्यासकांनीं पावसाळ्यानंतर आपल्या तळ्यांतलीं बुडालेलीं लांकडें आणि दगड एकदां न्याहाळून पाहावेत अशी माझी शिफारस आहे. परंतु नीतीचा निवाडा त्याच्याकडे मागूं नये. तो त्याच्यापाशीं नाहीं. त्याच्या साक्षींतून एवढेंच सिद्ध होतें कीं जीवन टिकविणें आणि न्यायानें जगणें या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली गोष्ट स्पंजालाहि येते. दुसरी कोणत्याहि तलावांत आपोआप उगवत नाहीं. दुष्काळाचीं वर्षें आमच्या भागाला पुन्हां पाहावीं लागतील. पाऊस आमच्या हातीं नाहीं. त्या वर्षीं उरलेलें पाणी, उरलेलें अन्न आणि उरलेलें काम कोणाच्या वांट्यास किती येईल, हें मात्र आमच्या हातीं राहील, आणि त्याचें उत्तर देतांना निसर्गाकडे बोट दाखवून सुटतां येणार नाहीं.